कलम २२, मनोरुग्ण आरोपी आणि ‘सर्टिफिकेट दाखवलं की सुटतो’ हा समज

तुमच्या प्रश्नातली हकीकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं उत्तर इतरांनाही कळेल. तुमच्या चुलतभावाला आठ वर्षांपासून पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे संशयाचे पक्के भ्रम होणारा मानसिक आजार, आहे. औषधं चालू होती तोवर तो शेतात कामाला यायचा, डेअरीच्या दुधाचा हिशेब ठेवायचा. मग ‘आता बरा आहे’ म्हणून गोळ्या बंद झाल्या. चार महिन्यांत तो म्हणायला लागला, की शेजारी आपल्या पाण्याच्या टाकीत विष कालवतो. एका सकाळी त्याने त्या शेजाऱ्यावर कोयत्याने वार केले. शेजारी वाचला, पण खांद्याला आणि हाताला खोल जखमा आहेत. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावलंय आणि भाऊ जिल्हा कारागृहात आहे. त्याच्याकडे ६० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आहे. गाव म्हणतं, ‘ते सर्टिफिकेट दाखवा, वेड्याला शिक्षा नसते.’ हे खरं का, असं तुम्ही विचारता. काकू विचारतात, तो घरी कधी येईल.

सर्टिफिकेटवर तो सुटणार नाही. त्या सकाळी कोयता उचलताना त्याच्या मनाची स्थिती काय होती, हे कोर्टाला पटलं तर सुटेल. आणि निर्दोष ठरला तरी त्याच संध्याकाळी घरी येईल असं धरून चालू नका. हे दोन्ही मुद्दे काकूंना आजच समजावून सांगा.

घटना १ जुलै २०२४ नंतरची आहे, त्यामुळे भारतीय दंड संहितेचं कलम ८४ लागत नाही, न्याय संहितेचं कलम २२ लागतं. मजकूर जवळपास तोच आहे. कृत्य करतेवेळी, मनोविकलतेमुळे, आपण काय करतोय हे किंवा ते चुकीचं वा बेकायदा आहे हे जाणण्याची क्षमताच ज्याच्यात नव्हती, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. या कलमाचं मूळ १८४३ मधल्या लंडनच्या एका खटल्यात आहे. मॅकनॉटन नावाच्या माणसाला पंतप्रधान पील यांच्या पक्षाकडून आपला छळ होतोय असं वाटत होतं. त्याने पील समजून त्यांच्या सचिवाला गोळी घातली. ज्यूरीने त्याला सोडलं, देशभर ओरड झाली, आणि उमरावांच्या सभागृहाने न्यायाधीशांना विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांतून हे नियम आले. १८६० साली ते आपल्याकडे कलमात बसले आणि आजही तिथेच आहेत. न्याय संहितेच्या पहिल्या मसुद्यात ‘मानसिक आजार’ हे शब्द घातले होते. पण मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधली मानसिक आजाराची व्याख्या फार रुंद आहे, दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही तिच्यात येतात. संसदीय स्थायी समितीने त्यावर बोट ठेवलं आणि अंतिम कायद्यात जुनीच शब्दयोजना परत आली. तुमच्या भावाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की आजार असणं ही पहिली पायरी आहे. त्या आजाराने जाणण्याची क्षमता हिरावून घेतली होती, आणि नेमकी त्याच वेळी, हे पुढे शाबीत करावं लागतं.

आता सर्टिफिकेटचं. मानसिक आजारासाठी अपंगत्वाची टक्केवारी काढताना स्वतःची निगा, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं, काम, आणि आजार किती वर्षांचा आहे हे बघून गुण देतात. पेन्शन, एसटीची सवलत, आरक्षण यांसाठी ते मोजमाप ठीक आहे. त्यात त्या सकाळबद्दल एक अक्षरही नाही. सरकारी वकील उलट त्याचाच उपयोग करतील. प्रमाणपत्र घ्यायला तो स्वतः वैद्यकीय बोर्डासमोर गेला, सही केली, त्यानंतरही दुधाचा हिशेब ठेवत होता, मग त्याला कळत कसं नव्हतं? तरीही ते दाखल करायचंच. आजार घटनेनंतर खटल्यासाठी रचलेला नाही, हे त्यावरच्या तारखेने सिद्ध होतं.

पुराव्याचा भार आरोपीवर आहे, हे ऐकून घरचे हबकतात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे कलम २२ सारख्या अपवादाचा फायदा मागणाऱ्याने तो अपवाद दाखवायचा असतो. पण तो भार सरकार पक्षाइतका जड नाही. दिवाणी दाव्यात लागतं तेवढं, म्हणजे शक्यतेचं पारडं आपल्या बाजूला झुकलं की पुरे. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये गुजरातमधल्या ठक्कर खटल्यात हे घालून दिलं आणि आणखी एक दार उघडं ठेवलं. मनोविकलता पूर्ण शाबीत झाली नाही, पण आलेल्या पुराव्याने ‘मारण्याचा हेतू खरंच होता का’ याबद्दल वाजवी शंका निर्माण झाली, तरी आरोपीला संशयाचा फायदा मिळतो. तुमच्या भावावर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप आहे, आणि त्या आरोपाचा सगळा डोलारा हेतूवर उभा असतो. म्हणून हा दुसरा मुद्दा वकिलाने हातचा सोडू नये. गंमत म्हणजे ज्या ठक्करच्या नावाने आम्ही बचावाचे वकील गेली साठ वर्षं युक्तिवाद करतोय, तो स्वतः ते अपील हरला होता.

कोर्ट नेमकं काय बघतं, ते महाराष्ट्रातल्याच एका निकालावरून सांगते. २००२ चा भोसले निवाडा. आरोपी पोलीस शिपाई. १९९४ च्या एप्रिलमध्ये पोलीस वसाहतीतल्या घरात पत्नी कपडे धूत असताना त्याने दगडी वरवंट्याने तिच्या डोक्यात घातलं. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय, दोन्हीकडे शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. कशावर? वडिलांनाही मानसिक आजार होता. स्वतः आरोपीवर १९९२ पासून उपचार चालू होते आणि निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं होतं. घटनेनंतर जून ते डिसेंबर या काळात त्याला पंचवीस वेळा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. मारण्याचं कारण लंगडं होतं, नोकरी सोडायला पत्नीचा विरोध एवढंच. कृत्य दिवसाढवळ्या झालं होतं, आणि तो पळाला नाही, काही लपवलं नाही. यातला एकही मुद्दा एकट्याने पुरला नसता. आधीचे दोन वर्षांचे कागद, नंतरचे सहा महिन्यांचे कागद, आणि मधला तो दिवस, अशी सलग साखळी उभी राहिली म्हणून कोर्टाने त्या दिवसाबद्दल अनुमान काढलं.

याची दुसरी बाजू १९७२ च्या शेरअल्ली खटल्यात दिसते. तोही महाराष्ट्राचाच. पत्नी आणि मुलाचा खून, कारण काही सापडत नाही, दार फोडलं तेव्हा आरोपी आतच, पळायचा प्रयत्न नाही. कोर्ट म्हणालं, हेतू मिळाला नाही आणि पळाला नाही, एवढ्यावरून माणूस वेडा ठरत नाही. साखळीच नव्हती. खेड्यापाड्यातले कितीतरी बचाव याच दगडावर आपटतात. ‘साहेब, कुणी शहाणा माणूस असं करेल का?’ हा युक्तिवाद वकिलाला फार आवडतो आणि न्यायाधीशाला अजिबात पटत नाही. कृत्य जितकं भयंकर तितका माणूस वेडा, असं कायदा मानत नाही. अनावर झटका आला, राग आवरला नाही, यालाही आपल्याकडे कलम २२ ची सवलत नाही. इंग्लंडमध्ये १९५७ पासून खुनाच्या खटल्यात ‘कमी झालेली जबाबदारी’ असा मधला मार्ग आहे, आपल्याकडे तसा नाही.

तेव्हा तुमच्या भावाची साखळी जोडायला घ्या. सगळ्यात आधी घरातली पिशवी. मनोरुग्णाच्या प्रत्येक घरात ट्रंकेत किंवा कपाटावर केसपेपरची एक प्लॅस्टिकची पिशवी असते, आणि घटना घडल्यावर घाबरून ती आधी कुणीतरी फेकून देतं. फेकू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं, रक्ततपासणीचे रिपोर्ट, अ‍ॅडमिट केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड, सगळं तारखेवार लावा. गोळ्या कधी बंद झाल्या हे मेडिकलच्या शेवटच्या बिलावरून कळतं, आणि तुमच्या केसमध्ये ती तारीख सोन्यासारखी आहे. कागद गहाळ असतील तर स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याच्या कलम २५ ने रुग्णाला दिलाय. दवाखान्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

यात एक अडचण हमखास येते, म्हणून आत्ताच बोलते. बदनामीच्या भीतीने, बहिणींची लग्नं अडतील म्हणून, लोक पेशंटला दूरच्या गावी दाखवतात. ‘डोकं दुखतंय म्हणून मिरजेला नेलं’ असं गावात सांगतात, कधीकधी केसपेपरवर नावही दुसरंच असतं. तुमच्याकडे असं काही असेल तर वकिलापासून लपवू नका. त्या डॉक्टरांची साक्ष, सोबत गेलेल्या माणसाची साक्ष आणि फोनवरचे मेसेज यांनी ते नाव जोडता येतं. उलटतपासात सरकारी वकिलाने ते बाहेर काढलं, तर सगळी फाइलच बनावट वाटायला लागते.

डॉक्टरांच्या आधी किंवा डॉक्टरांऐवजी भगताकडे, गाणगापूरला नेलं असेल, तर तेही सांगायचं. शिकलेल्या घरांना याची लाज वाटते. पण ‘बाहेरचं झालंय’ म्हणून भावाला दोन अमावास्यांना गाणगापूरला नेलं, तिथल्या मुक्कामाची पावती आहे, सोबत मामा होते, ही साक्ष म्हणजे त्या काळात त्याचं वागणं कसं होतं याचा समकालीन पुरावा आहे. ती खटल्यासाठी बनवलेली नाही, म्हणूनच तिला वजन आहे.

माणसांच्या साक्षी. आई आणि चुलते काय बोलणार हे कोर्टाला ठाऊक असतं. डेअरीचा सचिव, पिठाच्या गिरणीवाला, शाळेतले गुरुजी, आशाताई, पोलीस पाटील अशा माणसांचे शब्द वेगळे तोलले जातात. ‘तीन महिने तो आमच्या डेअरीत पाणी पीत नव्हता, स्वतःची बाटली आणायचा, ती पण नाकाला लावून हुंगून बघायचा’ असं सचिवाने सांगितलं तर ते तज्ज्ञाच्या दहा पानांच्या अहवालाला मागे सारतं. सर्वात मोलाची साक्ष कधीकधी खुद्द जखमी शेजाऱ्याची असते. भांडण नव्हतं, बांधाचा वाद नव्हता, ‘तू विष घातलंस’ असं ओरडत तो आला, हे फिर्यादीतच असेल तर अर्धं काम झालं. फिर्यादीची प्रत काढून ते शब्द शोधा. आणि शेजाऱ्यावर दबाव टाकायला कुणी जाऊ नका. दवाखान्यात जाऊन विचारपूस करा, पण केसबद्दल एक शब्द काढू नका. साक्षीदाराला धमकावलं असा दुसरा गुन्हा अंगावर आला तर जामीनही जाईल.

आता तुम्ही लिहिलेली एक गोष्ट मला खटकते. कोयता कडब्याच्या गंजीत सापडला. पंचनाम्यात ‘आरोपीने लपवून ठेवलेला’ असं लिहिलं असणार. सरकारी वकील यावरच उभे राहतील. हत्यार लपवलं म्हणजे चूक कळत होती. शोधायची गोष्ट ही, की तुमच्या घरी कोयता रोज कुठे ठेवतात. बऱ्याच घरी वैरण तोडली की कोयता गंजीतच खोचतात. तसं असेल तर त्याने लपवला नाही, सवयीने जागेवर ठेवला, आणि हे पंचाच्या उलटतपासात एका प्रश्नात बाहेर येतं. तसं नसेल, तर तो मुद्दा विरोधात आहे हे मान्य करून बाकीच्या साखळीने तो कितपत झाकला जातो ते बघावं लागेल. त्यानंतर तो हातपाय धुऊन देवळात जाऊन बसला, असंही तुम्ही लिहिलंय. देवळात कुणी होतं का, त्यांच्याशी तो काय बोलला, हे आजच विचारून ठेवा. माणसं विसरतात. १९७० च्या रतनलाल खटल्यात दुसऱ्याच्या खळ्यातलं गवत पेटवणाऱ्या आरोपीला जागच्या जागी पकडून विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, ‘मीच जाळलं, काय करायचं ते करा.’ तो सुटला, आणि त्याचं त्या वेळचं वागणं त्याला उपयोगी पडलं.

दुसरा कागद अटकेच्या वेळचा. अटक झाली की पोलीस आरोपीला सरकारी दवाखान्यात नेतात. कॅज्युअल्टीत गर्दी असते. ड्युटीवरचे डॉक्टर नाडी, रक्तदाब, अंगावरच्या जखमा बघतात आणि छापील फॉर्मवर खरडतात, ‘कॉन्शस, ओरिएंटेड’, म्हणजे शुद्धीवर आणि भानावर. या दोन शब्दांनी किती खटले बुडाले असतील कुणास ठाऊक. उलटतपासात या डॉक्टरांना मी शांतपणे विचारते. तपासणीला किती मिनिटं लागली? तुम्ही मानसोपचाराचं शिक्षण घेतलंय का? ओरिएंटेड म्हणजे वेळ, जागा आणि माणूस ओळखणं ना? मग ज्याला आजचा वार आणि दवाखान्याचं नाव बरोबर सांगता येतं, त्याच्या मनात शेजारी विष घालतोय हा पक्का भ्रम असू शकतो की नाही? प्रामाणिक डॉक्टर ‘असू शकतो’ म्हणतात, कारण वैद्यकशास्त्र तेच सांगतं. अशा भ्रमाच्या रुग्णाला बाकीचं जग अगदी ठीक दिसत असतं.

तपासी अंमलदारालाही प्रश्न विचारायचे असतात. पूर्वीच्या मानसिक आजाराची माहिती तपासात मिळाली, तर आरोपीची वैद्यकीय तपासणी करून घेणं आणि तो पुरावा कोर्टापुढे ठेवणं हे तपास यंत्रणेचं कर्तव्य आहे, नाही केलं तर सरकार पक्षाच्या केसला गंभीर तडा जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या बापू ऊर्फ गजराजसिंह खटल्यात म्हटलंय. महाराष्ट्रातूनच गेलेल्या २०१८ च्या राठोड खटल्यात तर हे थेट घडलं. तोही गावातला कोयत्याचाच हल्ला. अटकेनंतर लगेच आरोपीला मानसिक उपचारासाठी दाखल करावं लागलं होतं, पण ते कागद आणि उपचार करणारे डॉक्टर सरकार पक्षाने कोर्टापुढे आणलेच नाहीत. कोर्टाने त्यावर कडक ताशेरे मारून आरोपीला कलम ८४ चा फायदा दिला. म्हणून मी नेहमी सांगते, पोलिसांना आजाराची माहिती तोंडी देऊ नका. लेखी अर्ज, सोबत केसपेपरच्या झेरॉक्स, आणि आवक शिक्क्याची पोच. उद्या ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

इथपर्यंत आपण त्या सकाळबद्दल बोललो. आज तो कसा आहे, हा अगदी वेगळा प्रश्न, आणि लोक या दोन्हींची सरमिसळ करतात. आज तो वकिलाशी बोलू शकतो का, आपल्यावर आरोप काय आहे हे समजतो का, यावर खटला चालवायचा की थांबवायचा हे ठरतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याची, कलमं ३६७ ते ३७८ त्यासाठी आहेत. तो समजण्याच्या स्थितीत नसेल तर न्यायदंडाधिकारी त्याला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तपासणीला पाठवतात, तिथून सरकारी रुग्णालयातल्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे. आपल्याकडे निरीक्षणासाठी साधारणपणे ठाणे, येरवडा, रत्नागिरी किंवा नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेतात, गोव्यात बांबोळीला. तिथल्या वॉर्डातल्या परिचारिकांच्या रोजच्या नोंदी नंतर खटल्यात मागवून घ्या. ‘पाणी पीत नाही, विष आहे म्हणतो’ असं घटनेनंतर तिसऱ्या आठवड्यात नर्सने लिहिलं असेल, तर साखळीची पुढची कडी तयार झाली.

खटला चालवण्यास असमर्थ ठरला, तर खटला तहकूब होतो आणि कलम ३६९ कामाला येतं. गुन्हा अजामीनपात्र असला तरी, भरती करून उपचार करण्याची गरज नसेल आणि नातेवाईक बाह्यरुग्ण विभागात नियमित उपचार करून घेण्याची, त्याने स्वतःला वा इतरांना इजा करू नये याची हमी देत असेल, तर त्याला सोडता येतं. हा मार्ग फार कमी वकील वापरतात. उपचाराने तो सावरला की खटला पुन्हा सुरू होतो. त्या दिवशी तो कोर्टात नीट उत्तरं देताना दिसला, तर घाबरू नका. आज बरा असणं हे त्या सकाळी बरा होता याचा पुरावा नाही, हे न्यायाधीशांना पक्कं माहीत असतं. पण पिंजऱ्यात उभं राहून वेड्यासारखं वागायला त्याला कुणी शिकवू नका. असं नाटक कोर्टाला लगेच ओळखू येतं, आणि मग खरा आजारही खोटा वाटायला लागतो.

बौद्धिक दिव्यांगत्वाचं गणित वेगळं आहे, आणि खाली दोघातिघांनी तेच विचारलंय म्हणून थोडक्यात सांगते. ज्याला पूर्वी मतिमंदत्व म्हणत, ते २०१७ च्या कायद्यानुसार मानसिक आजार नाही. तरी कलम २२ चा बचाव त्याला खुला आहे, फक्त कसोटी तीच. सौम्य पातळीवर, जिथे मुलगा बाजारहाट करतो, पैसे मोजतो, तिथे हा बचाव बहुधा टिकत नाही. मात्र तो बचाव मांडायला असमर्थ ठरला, तर खटला तहकूब न होता चालवलाच जात नाही, कारण उपचाराने बरा होण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो. या मुलांच्या बाबतीत मला जास्त काळजी वाटते ती कबुलीची. समोरच्या मोठ्या माणसाला ‘हो’ म्हणायची त्यांना सवय असते. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे त्याच संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवलेली चालते. त्याआधी वकील गाठा. मूकबधिर आरोपीला मनोविकल धरत नाहीत. त्याला कार्यवाही समजावून देता आली नाही तरी खटला चालतो, आणि दोषी ठरला तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावं लागतं. सांकेतिक भाषेचा दुभाषी पहिल्या तारखेपासून मागा.

दारूचं एका वाक्यात. स्वतःहून प्यायलेल्याला कलम २२ नाही. पण वर्षानुवर्षांच्या दारूने मेंदूवर परिणाम होऊन आलेला आजार, किंवा दारू सुटताना येणारा भ्रम, हा वेगळा मुद्दा आहे आणि तो मांडता येतो. तुमच्या भावाने गोळ्या बंद केल्या, ही त्याची चूक म्हणून सरकारी वकील बोट दाखवतील. आजार पुन्हा का उसळला हे कलम २२ विचारत नाही.

खटल्यात हा बचाव पहिल्या साक्षीदाराच्या उलटतपासापासून घ्या. ‘तो तिथे नव्हताच’ असं सहा साक्षीदारांना सुचवायचं आणि सातव्याला ‘तो वेडा होता’ म्हणायचं, हे मी इतरांच्या फायलींत अनेकदा बघितलंय. अपिलात ती फाइल हातात आली की डोक्याला हात लावायची वेळ येते. आरोपीचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली होतो, त्यात आजाराचा, उपचाराचा उल्लेख आलाच पाहिजे. ‘मला काही माहीत नाही’ हे एकच उत्तर प्रत्येक प्रश्नाला दिलं तर ते स्मृतिभ्रंश न वाटता टाळाटाळ वाटते.

बचाव मान्य झाला तर कलम ३७३ प्रमाणे निकालात न्यायाधीशांना स्पष्ट लिहावं लागतं, की कृत्य त्यानेच केलं होतं किंवा नाही. ‘केलं होतं, पण मनोविकल होता’ असं ठरलं की कलम ३७४ लागतं, आणि काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. कोर्टापुढे दोन पर्याय असतात. सुरक्षित ठिकाणी ठेवणं, किंवा पुरेसा तारण-जामीन घेऊन नातेवाईकाच्या ताब्यात देणं. पहिला पर्याय निवडला गेला तर पुढची सुटका सोपी नाही. त्याला सोडल्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका नाही असं तपासणाऱ्यांनी प्रमाणित करायचं, आणि मग राज्य सरकारने आदेश काढायचा. किती दिवसांत, याला कायद्यात मुदत नाही. शिक्षा झालेल्या कैद्याला निदान आपली तारीख माहीत असते. आसाममध्ये १९५१ साली मारहाणीच्या आरोपात पकडलेला एक माणूस मनोरुग्णालयात गेला, १९६७ मध्ये बरा ठरला, तरी २००५ पर्यंत कोठडीतच राहिला. खटला कधी चाललाच नाही. शेवटी एक रुपयाच्या जातमुचलक्यावर त्याला सोडलं. ते टोकाचं उदाहरण आहे, पण पाठपुरावा करणारं कुणी नसलं की काय होतं ते त्यातून दिसतं.

म्हणूनच काही वकील हा बचाव टाळून जखमांच्या स्वरूपावर किंवा तडजोडीवर शिक्षा कमी करून घेण्याचा सल्ला देतात. हलक्या गुन्ह्यात तो हिशेबाने बरोबरही असतो. तुमच्या केसमध्ये मी तो देणार नाही. कलम १०९ मध्ये इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि दोषी ठरून तुरुंगात गेलेल्या रुग्णाला औषध वेळेवर मिळेलच याचा भरवसा नाही. कागदावर २०१७ च्या कायद्याचं कलम १०३ आहे, तुरुंगातल्या मनोरुग्णाला उपचाराच्या जागी हलवायची तरतूद आहे. प्रत्यक्षात त्यासाठी कुणीतरी दर तारखेला अर्ज घेऊन उभं राहावं लागतं. बचाव फसला तरी आजार वाया जात नाही, तो शिक्षा ठरवताना विचारात येतो. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका फाशीच्या कैद्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजाराच्या कारणाने बदलली. निकालपत्रात त्याचं नावही येऊ दिलं नाही, ‘आरोपी एक्स’ असंच म्हटलं.

तेव्हा पुढच्या रिमांडच्या तारखेला दोन अर्ज तयार ठेवा. एक तपासणीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, सोबत केसपेपर. दुसरा कारागृह अधीक्षकांकडे, चालू औषधांच्या चिठ्ठीसह, की ही औषधं आजपासून सुरू करावीत. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला आणि मनोरुग्णाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आणि काकूंना सांगा, त्याला ताब्यात घेण्यासाठी कोर्टाला हमीदार हवा असतो. कोर्ट विचारेल, गोळ्या कोण देणार, दर महिन्याला दवाखान्यात कोण नेणार, शेजारी तिथेच राहतो तर हा कुठे राहणार. काकूंचं वय बघता एकट्या त्यांच्या हमीवर न्यायाधीश समाधानी होणार नाहीत. तुमचं घर दुसऱ्या गावात आहे असं तुम्ही लिहिलंय. हमीपत्रावर तुमचं नाव आणि तो पत्ता असेल, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते त्यात लिहिलं असेल, तर कलम ३६९ चा अर्ज असो की शेवटी ३७४ चा आदेश, त्याला घरी आणण्याची शक्यता पुष्कळ वाढते. त्यासाठी तुमच्या घरच्यांची तयारी आहे का, ते आधी विचारून बघा.